एकशे एकावी फुली

१

शंभर मोजायला शहाणपण लागत नाही, सवय लागते. मोजणीदाराला ती सवय होती. चौथी पास माणूस, पण आकड्याच्या बाबतीत त्याने कधी कोणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं.

वस्ती संपून माळ सुरू होतो तिथे तारेच्या कुंपणात ते केंद्र होतं. फाटकापाशी चौकी, मग ऑफिसची एक खोली, एक कोठार, आणि कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यात मोजणीदार आणि त्याची बायको राहत. रोज सकाळी आठच्या ठोक्याला तो पर्जन्यमापकाचं झाकण काढायचा, आतलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, माप डोळ्यासमोर धरायचा आणि आकडा दोनदा तोंडाने म्हणून मग लिहायचा. पाऊस नसला तर शून्यही दोनदा म्हणायचा. एकोणीस वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती. थोरल्या भावाला पोचवायला गेला तेव्हासुद्धा आठचा आकडा लिहूनच गेला, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

आत बारा वाफे होते. वाफे म्हणजे भाजीचे नव्हेत. माळावर आपोआप उगवलेलं गवत आणि झुडपं तशीच ठेवलेले, बारा पावलांचे चौकोनी तुकडे. पाऊस कमी झाला किंवा वाढला तर झाडंझुडपं काय करतात, ते पाहायचं होतं. पहिल्या चार वाफ्यांवर पडेल तेवढा पाऊस. नऊ ते बारा यांच्यावर पारदर्शक पट्ट्यांचं छप्पर. चार थेंबांतले तीन अडवायचे, एक आत सोडायचा. अडवलेलं पाणी पन्हळीने टाकीत जाई, आणि टाकीतून मापून पाच ते आठ यांना. एकाच्या तोंडचं काढून दुसऱ्याला. नऊ वर्षं हे चाललं होतं.

दर सोमवारी भर दुपारी, दोरीची सावली लांब पडणार नाही अशा वेळी, मोजणी. प्रत्येक वाफ्याच्या मध्यावर चार खुंट्या ठोकलेल्या. त्यांच्यावर लाकडी चौकट बसवायची, जमिनीपासून गुडघाभर उंच. चौकटीला दहा दोऱ्या आडव्या, दहा उभ्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे फुली. फुल्या शंभर. गुडघे टेकायचे, उजवा डोळा फुलीच्या बरोबर वर आणायचा, डावा मिटायचा, आणि फुलीखाली काय आहे ते म्हणून कागदावर रेघ ओढायची. रकाने पाच: हिरवं, वाळलेलं, पाचोळा, माती, दगड. बेरीज शंभर. दुसरं काही येऊच शकत नाही. फाटकवाला म्हणूनच त्याला शंभरराव म्हणायचा.

पावसाळा संपून दोन महिने झाले होते. त्या सोमवारी नऊ नंबरची मोजणी झाली आणि तो सवयीने बेरीज करायला बसला. हिरवं नऊ, वाळलेलं एकोणीस, पाचोळा बावीस, माती एकेचाळीस, दगड दहा.

एकशे एक.

२

माणूस चुकतो. मोजणीदार इतरांच्या बाबतीत हे मानत असे. स्वतःच्या बाबतीत त्याने फक्त पुन्हा गुडघे टेकले.

या वेळी त्याने ओळीओळीने मोजलं. प्रत्येक ओळ संपली की कागदावरच्या तिच्या रेघा मोजायच्या आणि शेजारी आकडा लिहायचा. पहिली ओळ दहा. दुसरी दहा. दहावी ओळसुद्धा दहा. मग त्याने दोऱ्या मोजल्या. आडव्या दहा, उभ्या दहा. दहा दाहे शंभर हे तो शाळेत पट्टी खाऊन शिकला होता. मग त्याने कागदाच्या तळाशी जाऊन सगळ्या रेघा पहिल्यापासून मोजल्या.

एकशे एक.

छपराखाली हवा हलत नव्हती. बाजूच्या दहा नंबरमध्ये टोळ किरकिरत होते. नऊमध्ये एकही नव्हता. हे आधीपासूनच असं होतं का, हे त्याला आठवेना. आणि मग वाटीच्या तळाचं शेवटचं पाणी कोणी नळीने ओढावं तसा बारीक आवाज आला, खालून की बाजूने ते कळलं नाही. पन्हळीत हवा अडकली असेल, असं त्याने ठरवलं. पन्हळ कोरडी होती, पण ठरवलं.

घरी आला तो थेट पाण्याच्या पिंपाकडे गेला. चार पेले लागोपाठ प्याला.

"उन्हात टोपी घाला म्हटलं तर शान जाते," बायको म्हणाली. तिचे गुडघे धरलेले असत, म्हणून ती खुर्चीवर बसूनच सगळं घर चालवायची. "काय झालं? तोंड का असं?"

"बेरीज जुळत नाही."

"कितीने?"

"एकाने."

"एकानेच ना? मग टाका काढून."

"कुठला काढू? हिरव्यातला की मातीतला?"

"मला काय विचारता? तुमच्या त्या गवताला विचारा." ती हसली. "आपल्या लग्नात आमच्याकडचं वऱ्हाडसुद्धा मोजलं होतंत. एकसष्ट सांगितले आणि बासष्ट आले म्हणून माझ्या बापाला जाब विचारायला गेला होतात."

"आले होते बासष्ट."

"मग? बासष्टावा कोण होता?"

"ते कधी कळलं नाही," मोजणीदार म्हणाला, आणि पाचवा पेला भरला.

कागदावर त्याने एकशे एकच लिहिलं. जे आलं ते लिहायचं. नाहीतर मोजायचं कशाला?

३

पुढच्या सोमवारी पुन्हा एकशे एक. त्याच्या पुढच्या सोमवारीही. बाकीचे अकरा वाफे शंभरावर गप बसत. आणि नऊमधलं हिरवं वाढत होतं. नवाचे चौदा झाले, चौदाचे बावीस. पर्जन्यमापकात रोज शून्य, छपरातून आत यायला थेंब नाही, आणि खाली गवताला कोंब फुटत होते. शेजारच्या दहा, अकरा, बारा नंबरांत हिरवं पाच-सहाच्या वर नव्हतं.

मॅडम कागद घेऊन स्वतःच आल्या. केंद्र त्यांचं होतं. त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी दोरी धरून वाफे आखले होते. मोजणीदाराचं निवृत्तीचं वय उलटून गेलं तेव्हा वरच्यांशी भांडून त्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं, वर्षावर्षाच्या कागदावर. घर त्या कागदाबरोबर होतं. कागद गेला की घर गेलं, आणि मग लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर, जावयाच्या कोचावर. बायकोच्या गुडघ्यांना तीन जिने. हे सगळं मोजणीदाराला पाठ होतं. कोणी सांगायची गरज नव्हती.

"काका, हे एकशे एक काय आहे?"

"आलं ते लिहिलं."

"येईल कसं? फुल्या शंभर आहेत."

"मोजून बघा."

मॅडमनी गुडघे टेकले, डावा डोळा मिटला आणि मोजलं. त्या भराभर मोजत, ओठ न हलवता. संपल्यावर बेरीज केली. शंभर. कागद त्याच्यापुढे धरला. त्याने दोनदा पाहिलं. शंभरच होते.

"एखादी फुली दोनदा धरत असाल," त्या मऊपणे म्हणाल्या. तो मऊपणा त्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला. मॅडमनी पिशवीतली बाटली काढली, तोंडाला लावली आणि एका दमात अर्धी रिकामी केली. मग छपराकडे पाहत म्हणाल्या, "पण हिरवं खरंच आहे. बत्तीस. पाणी नाही आणि बत्तीस."

मोजणीदाराने चौकट खुंट्यांवरून उचलली.

"काका, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही नऊला पाणी घालता का? दया येऊन, कधीतरी?"

त्याने आयुष्यात कोणाच्या कानाखाली वाजवली नव्हती. त्या क्षणी त्याला कळलं की लोक का वाजवतात.

"मी टाकीचं कुलूप उघडतो तेव्हा आकडा लिहितो, मॅडम. एक तांब्या गेला तरी लिहिलेला असतो."

"माहीत आहे मला. म्हणूनच विचारलं. पुढच्या महिन्यात समिती येतेय. पाणी न मिळता वाफा हिरवा होतो, हे मी मांडणार. ते पहिला प्रश्न हाच विचारतील, मोजलं कोणी? आणि मी काय दाखवू? एकशे एक?"

४

मग सगळं तपासलं. मोजणीदाराने स्वतः तपासलं, कारण आता गोष्ट इभ्रतीची होती.

बाजूने पाणी झिरपू नये म्हणून प्रत्येक वाफ्याभोवती कंबरभर खोल पत्रा गाडलेला होता. नऊचा पत्रा त्याने चारी बाजूंनी उकरला. गंज नाही, भोक नाही. बाहेरची माती धुळीसारखी कोरडी. छपराच्या पट्ट्यांवर चढून त्याने सांधे पाहिले. टाकीची पातळी वहीशी जुळली. फाटकवाल्याला त्याने चौकीत गाठलं.

"आत कोणी येतं? दुपारचं, सकाळचं?"

"तुमच्याशिवाय कोण मरायला येणार इथे, शंभरराव? एक कुत्रं यायचं. तेसुद्धा त्या नऊकडे जात नाही हल्ली. लांबून फिरतं." फाटकवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला काय झालंय? अंगात नुसता शर्ट उरलाय."

खरं होतं. पट्टा शेवटच्या भोकात गेला होता. बायकोने खिळा तापवून नवं भोक पाडलं, पंधरा दिवसांनी आणखी एक. ओठांना भेगा पडल्या. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती तशीच उभी राहायची. दुपारी वाफ्यावरून आलं की तो सात-आठ पेले पाणी प्यायचा आणि तरी जीभ टाळूला चिकटायची. डॉक्टरने साखर तपासली. साखर नव्हती. रक्त तपासलं. रक्त ठीक.

"पाणी भरपूर प्या," डॉक्टर म्हणाला.

"आणखी कुठे ठेवू?" मोजणीदार म्हणाला.

त्याने एक गोष्ट मात्र पाहिली होती आणि ती तो कोणाला सांगत नव्हता. तहान फक्त सोमवारी वाढायची. बाकी दिवस ती उतरत यायची, रविवारी माणसासारखं वाटायचं. सोमवारी पुन्हा. पण बारा वाफे मोजायचे म्हणजे दोन तास ऊन. उन्हाने तहान लागते. याच्यात काय आहे? याच्यात काही नाही, असं तो स्वतःला सांगायचा. मग आठवायचं की हे बारा वाफे तो नऊ वर्षं याच उन्हात मोजत आला होता.

डोकं चालेना. डोकं चालत नाही म्हणजे म्हातारपण, असंही त्याने धरून पाहिलं. पण म्हातारपणाने गवत उगवत नाही.

५

टाचण्यांची कल्पना बायकोची.

"माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत, डोकेवाल्या," ती म्हणाली. "फुली मोजली की तिथे टाचणी खोचा. टाचणी असलेली फुली पुन्हा कशी मोजाल? आंधळ्यालासुद्धा जमेल."

तिने शंभर टाचण्या मोजल्या. त्याने त्या पुन्हा मोजल्या. तिने नाक मुरडलं आणि तिसऱ्यांदा मोजल्या.

सोमवारी त्याने नऊ नंबर सगळ्यात शेवटी ठेवला. ऊन डोक्यावर. चौकट बसवली, गुडघे टेकले. माती, टाचणी. हिरवं, टाचणी. तो प्रत्येक शब्द दोनदा म्हणत होता, हळूहळू, घाई न करता. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. डब्याचा तळ दिसू लागला. शेवटची टाचणी शेवटच्या ओळीच्या शेवटच्या फुलीवर खोचली आणि डबा उलटा करून झटकला. रिकामा.

मग त्याने मान मागे घेऊन चौकटीकडे पाहिलं.

सहाव्या ओळीत एक फुली मोकळी होती.

त्याने त्या ओळीतल्या टाचण्या मोजल्या. दहा. डावीकडून दहा, उजवीकडूनही दहा. आणि मोकळी फुली तिथेच होती, चौथ्या आणि पाचव्या टाचणीच्या मध्ये. तिथून उभी दोरी जायलाच नको होती. त्याने बोटाने ती दोरी वरच्या लाकडापर्यंत चाचपत नेली. लाकडावर दोऱ्यांच्या गाठी दहाच होत्या. बोट एका गाठीवर आलं, पण कोणत्या दोरीच्या, ते सांगता येईना.

वास आला. ओल्या मातीचा. तीन महिने वहीत शून्य, आणि ओल्या मातीचा वास.

इथे उठायला हवं होतं. हे त्याला नंतर पुष्कळदा वाटलं. पण एक फुली मोजायची राहिली होती, आणि राहिलेली फुली सोडून तो कधी उठला नव्हता. त्याने उजवा डोळा फुलीच्या बरोबर वर आणला आणि डावा मिटला.

आधी माती वाटली. काळी, ओली, चमकणारी. पाण्याचा मोठा थेंब असावा असं वाटलं, कारण त्यात एक डोळा दिसत होता. आपलाच, दुसऱ्या कोणाचा असणार? थेंबात प्रतिबिंब पडतं. याच्यात काय आहे?

खात्री करायला त्याने डावा डोळा उघडला.

खाली एकच उघडा राहिला. दुसरा मिटलेला होता. आवळून, कडेला सुरकुत्या पडतील असा. मोजणारा माणूस मिटतो तसा.

मोजणीदाराची जीभ तोंडात लाकडासारखी झाली. कानात तो नळीने ओढल्याचा बारीक आवाज आला, आता बाजूने नाही. आणि मग खालून, तोंडातल्या तोंडात, कोणीतरी काहीतरी म्हणालं. दोनदा. आकडा लिहायच्या आधी म्हणतात तसं, दोनदा.

कुठला आकडा, ते ऐकू आलं नाही.

तो घरी कसा आला हे त्याला सांगता आलं नसतं. बायकोने डबा पाहिला. "टाचण्या कुठे माझ्या?"

"पुरल्या नाहीत," तो म्हणाला, आणि पिंपाला तोंड लावूनच पाणी प्याला.

६

शनिवारी मॅडमनी त्याला ऑफिसात बोलावून बसायला सांगितलं. एरवी दोघं उभ्याउभ्याच बोलत. बस म्हटलं म्हणजे काय, हे त्याला कळलं.

"काका, सोमवारपासून नऊ मी मोजेन. समिती येईपर्यंत दर सोमवारी, आणि जमलं तर मधेही. तुम्ही बाकीचे बघा. तुमच्या कागदाचं मी करते काहीतरी, काळजी करू नका."

"नऊ नका मोजू, मॅडम."

"का?"

सांगायचं काय? चौथी पास माणसाने, ज्याची बेरीज जुळत नाही अशाने, शिकलेल्या बाईला सांगायचं की खालूनही मोजतात?

"तिथे एक जास्त आहे."

"म्हणूनच तर मोजते." त्या हसल्या, पण वाईट नाही. "काका, नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मिळालंय. पाणी तोडलं की झाडं मरतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मरत नाहीत, हे कोणी दाखवलंय? ती पाणी कुठून घेतात, तेवढं कळलं पाहिजे."

टेबलावर त्यांची बाटली होती. मोजणीदाराला ती अर्धी रिकामी झालेली दुपार आठवली. एका मोजणीत अर्धी बाटली. दर सोमवारी, आणि जमलं तर मधेही.

रविवारभर तो खुर्चीवर बसून राहिला. बायकोने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. संध्याकाळी तो म्हणाला, "लेकीला सांग, आम्ही येतोय."

"कशाला?"

"राहायला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आपल्या गुडघ्यांकडे. "तीन जिने आहेत," एवढंच म्हणाली.

सोमवारी दुपारी मॅडम चौकट घेऊन नऊवर आल्या तेव्हा मोजणीदार तिथे होता. टाकीचं कुलूप उघडं, आठ बादल्या भरून ओळीने ठेवलेल्या. त्याने पहिली उचलली आणि चार खुंट्यांच्या मध्ये ओतली.

"काका, काय करताय?"

"पाणी घालतोय. तुम्ही विचारलं होतंत ना."

दुसरी ओतली. मॅडम धावत आल्या, त्याचा हात धरला. त्याने तो सोडवला, उद्धटपणे नाही, पण सोडवला. तिसरी. चौथी.

"नऊ वर्षं आहेत ती, काका."

"माहीत आहे. मीच मोजली."

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. त्या रडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बघत होत्या, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्याच्या घरात शिरताना बघावं. "म्हणजे आधीपण तुम्हीच घालत होतात," त्या म्हणाल्या.

मोजणीदाराने तोंड उघडलं. नाही म्हणायला त्याची जीभ वळेना. आणि उलटसुलट विचार करता करता त्याला वाटलं की बाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पाणी त्याचंच गेलं होतं.

"हो," तो म्हणाला. आयुष्यातली पहिली खोटी नोंद, आणि खोटी किती, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

कोरड्या, भाजलेल्या मातीवर पाणी आधी साचतं, मग पसरतं, मग हळूहळू जिरतं. हे त्याने हजारदा पाहिलं होतं. आठवी बादली ओतताना त्याने पाहिलं की पाणी साचलंही नाही आणि पसरलंही नाही. ते एकाच जागी गेलं, मधोमध, आवाज न करता. बाजूची माती कोरडीच होती. तो वाकला नाही. बादली उलटी ठेवली आणि वहीत आकडा लिहिला. आठ बादल्या, नऊ नंबर. खाली सही.

७

लेकीचं घर चांगलं होतं. जावई सकाळी पेपर आधी त्याला द्यायचा, आणि तेच त्याला जास्त लागायचं. बायको तीन जिने एकदाच चढली. खाली उतरायचा विषय ती काढत नसे.

दोन महिन्यांत तहान गेली. पट्टा जुन्या भोकावर आला. आठ वाजले की तो गॅलरीत उभा राहून आभाळाकडे पाहायचा आणि शून्य दोनदा म्हणायचा. कधी त्याला वाटे, उन्हाने आपलं डोकं फिरलं होतं आणि भरल्या ताटाला आपण लाथ मारली. कधी वाटे, नऊ नंबर मोडला ते बरंच झालं. छप्पर काढलं, खुंट्या उपटल्या, असं फाटकवाल्याने फोनवर सांगितलं होतं. कुत्रं पुन्हा सगळीकडे फिरतं म्हणाला. एका दहा नंबराकडे तेवढं जात नाही. कुत्र्याची खोड, दुसरं काय?

एका दुपारी जेवणं झाल्यावर फोन वाजला. लेकीने तो त्याच्या हातात दिला. मॅडम.

"काका, कशा आहेत काकू?" आवाज ओढलेला होता, घसा बसल्यासारखा. "एक विचारायचं होतं. टाकीच्या कुलपाची दुसरी किल्ली?"

"कोठाराच्या दारामागे, खिळ्याला."

"हां. बघते." त्या थांबल्या. फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. "राग गेला माझा, काका. तेही सांगायचं होतं. उलट एक चांगलं झालंय. दहामध्ये हिरवं येतंय. छप्पर असून. मी स्वतः मोजते, एक दिवसाआड. अठ्ठावीस झालं काल. तिथे तर तुम्ही नाही आहात पाणी घालायला." त्या हसल्या, आणि हसताना खोकल्या. "थांबा हं. पाणी पिऊन येते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. पेल्यात पाणी पडल्याचा. घटाघटा पिण्याचा.

"मॅडम," मोजणीदार म्हणाला.

"हं, बोला. काय म्हणत होते? हां. तुम्ही मोजायचात तेव्हा दहाची बेरीज किती यायची?"

"शंभर."

"नेहमी?"

"नेहमी. मॅडम, दहा मोजू नका. ऐका माझं. चौकट उचला आणि..."

"माझंच चुकत असेल कुठेतरी," त्या म्हणाल्या. त्याचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, किंवा पोचून बाजूला पडलं होतं. "एकच मिनिट, काका. काय ऊन आहे बघा."

फोन पुन्हा टेबलावर. पाणी पडलं. घोट. पाणी पडलं. घोट. मध्ये दम घ्यायलाही कोणी थांबत नव्हतं.

मोजणीदार फोन कानाला लावून उभा होता. त्याचे ओठ हलू लागले. तीन, तीन. चार, चार.

"कोण आहे?" बायकोने खुर्चीतून विचारलं. "अहो, कोण बोलतंय?"

त्याने हात वर करून तिला गप्प केलं. मोजताना मध्ये बोललेलं त्याला चालत नसे.